गिरणीच्या जागेवरचं चार्जिंग

अण्णा, गिरणी आता राहिली नाही. ती पाडली त्या दिवशी मी नांदेडला कॉलेजात पेपर तपासत बसले होते, आणि भावानं फोनवर पाठवलेला फोटो बघून मला फार काही वाटलं नाही, हेही सांगून टाकते. जागा आपलीच आहे, म्हणजे भावाची. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढचा ओटा गेला. मागं उरलेल्या तुकड्यावर माणसाच्या उंचीची पांढरी मशीन उभी आहे, वर पत्र्याचं शेड. विजेवर चालणाऱ्या गाड्या तिथं येऊन चार्ज होतात. तुम्ही गेलात तेव्हा अशी गाडी आपल्या भागात कुणी पाहिलेली नव्हती. आता माझीच एक आहे. घरी रात्रभर लावून ठेवली की सकाळी भरलेली असते, पण नांदेडहून लातूरला जाऊन त्याच दिवशी परतायचं आणि वर उन्हाळा असला की पुरत नाही. वाटेत कुठंतरी थांबून जलद चार्जिंग घ्यावं लागतं. अहमदपूर सोडलं की अशी जागा एकच, आपल्या गिरणीची.

त्या जागेतला माझा हिस्सा मी सोडून दिला. भावाला कंपनीशी करार करायचा होता आणि सातबाऱ्यावर माझं नाव होतं. अहमदपूरच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर चहा पिताना तो आपणहून म्हणाला, "अक्का, नाव कंपनीचं राहील, पण चालवणार मी अण्णासारखंच. नंबर म्हंजे नंबर." मी काही अट घातली नव्हती. मला भरून आलं, एवढंच. सही करताना मी भावाला मदत करत होते की स्वतःच्या मोठेपणावर खूष होत होते, हे मी तेव्हाही वहीत लिहून ठेवलं होतं आणि उत्तर आजही मला नीट देता येत नाही. पण त्याच्या त्या वाक्यावर मी विश्वास ठेवला, यात शंका नाही. कारण ते वाक्य तुमचं होतं.

गावातल्या जुन्या गिरणीत आपल्या वस्तीचे डबे दाराबाहेर, खिडकीखाली ठेवायला लावत. आत जागा असली तरी बाहेर. गावाचं सगळं दळून झालं की मग आपलं. आई दुपारी ज्वारी घेऊन जायची आणि दिवेलागणीला पीठ आणायची, आणि भाकरी थापताना कुणाशी बोलायची नाही. तुम्ही लातूरच्या तेलाच्या मिलमधली फिटरची नोकरी सोडून रस्त्याकडेच्या त्या तुकड्यावर जुनी चक्की आणून बसवलीत, ती त्या खिडकीपायी. सुरुवातीला फक्त वस्ती आली. मग बाकीचे आले, कारण रस्ता जवळ होता आणि तुमच्याकडे रांग सरळ होती. दारापासून चक्कीपर्यंत डब्यांची ओळ. डबा ठेवायचा आणि खुशाल शेतात जायचं. लाइट गेली तर डबे रात्रभर तसेच उभे, सकाळी पट्टा फिरायला लागला की जिथं थांबलं तिथून पुढं.

मी चौथीत-पाचवीत असेन. माझ्या मैत्रिणीला मामाकडं जायचं होतं, म्हणून मी तिचा डबा उचलून एका म्हातारीच्या डब्यापुढं ठेवला. तुम्ही चक्की थांबवलीत. पापण्यांवर पीठ, कपाळावर पीठ, आणि तुम्ही सगळ्यांसमोर तो डबा परत मागं नेताय. "डबा न्हाई सरकवलास तू," तुम्ही म्हणताय, "माणूस सरकवलास. कोण हाय ती म्हातारी, बघ जरा तिच्याकडं." म्हातारी म्हणत होती, राहू द्या हो, लेकरू हाय. तुम्ही ऐकलं नाहीत. मी त्या दिवशी जेवले नाही. पण पुढं कॉलेजात शिकवायला लागल्यावर प्रवेशाच्या दिवसांत कुणी पोरासाठी शिफारशीची चिठ्ठी घेऊन आलं की माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या पापण्या यायच्या, आणि मी चिठ्ठी परत करायचे. त्यासाठी मला माणसं शिष्ट म्हणतात. मी ते तुमच्याकडून मिळालेलं समजून मिरवलं.

आता ज्यासाठी हे लिहितेय त्या दिवसाचं. लातूरहून परत येत होते, टळटळीत दुपार. शेडमध्ये एक गाडी लागलेली, दुसरी थांबलेली. मला बघून भाऊ धावत आला. "अक्का, तू लाव आधी. ह्याला मी सांगतो थांबायला." मी नको म्हणाले. जरा ठसक्यातच म्हणाले, "नंबरनं घेईन." तो हसला, वहिनीनं केलेलं ताक आणून दिलं. मी गाडीत बसून राहिले. माझ्यामागं एक टॅक्सीवाला येऊन थांबला. बऱ्याच वेळानं माझी पाळी आली, मी चार्जिंगची गन लावली, आकडा वर चढायला लागला आणि तेवढ्यात एक मोठी काळी गाडी आली. रस्त्याची कामं घेणारा गुत्तेदार, गावात सगळे ओळखतात. तो खालीही उतरला नाही. काच खाली करून फोन दाखवला. भाऊ माझ्याजवळ आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, जरा गाडी मागं घे. मेंबरचं बुकिंग हाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं समजावलं, शाळेतल्या पोराला समजवावं तसं. कंपनीची मेंबरशिप असते, वर्षाची. ती घेतलेल्या माणसानं बुकिंग केलं की बिगरमेंबरचं चार्जिंग थांबवायचं. मी म्हटलं, विजेचे पैसे तर मी दिलेत. तो म्हणाला, ते विजेचे, हे वेगळे. मी विचारलं, हे कशाचे? ते मीच नंतर शोधून काढलं. विजेचा दर दोघांना जवळपास सारखाच आहे. मेंबरशिपचे पैसे दुसऱ्याच्या पुढं उभं राहण्याचे आहेत.

त्यानं गन काढली. मी गाडी मागं घेतली. टॅक्सीवाला खिडकीतून डोकावला. "म्याडम, भावाची मशीन आन् तुम्हालाच उठिवलं? आमचं तर रोजचंच हाय, तुमचं बघून बरं वाटायलं." तो चेष्टा करत होता, वाईट माणूस नव्हता. मला हसू आलं नाही.

मी मशीनमागं गेले, जिथं पूर्वी चक्कीच्या दगडांना टाकी लावायची तुमची हत्यारं असायची, आणि भावाला बोलावलं. म्हटलं, तू रजिस्ट्रीच्या दारात काय बोलला होतास? अण्णांच्या जागेवर उभा राहून माणसं सरकवतोस? कंपनीचा नियम हाय, मी नाही पाळला तर मशीन उचलून नेतील, तो म्हणाला. त्यातही तथ्य आहे, हे मला कबूल आहे. मेंबर आधी पैसे भरतात म्हणून अशा गावात मशीन येते, असंही असेल. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "अण्णा असते तर त्यांनी मशीन घालवली असती, पण डबा हलवला नसता."

"तुला काय माहीत अक्का, डबा कुणी हलवला?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "बारावीनंतर नांदेडच्या हॉस्टेलात तुला जागा मिळत नव्हती. कमिटीवरचा माणूस आपल्या गावचाच. वर्षभर त्याच्या घरचे डबे आधी निघाले. तू नांदेडला शिकायलीस, आन् हिकडं डबे मी उचलायलो. अण्णा चक्कीकडं तोंड करून म्हणायचे, घे तो पुढं. एकदा आपल्याच वस्तीतली मावशी रडली. मला म्हणाली, तुझ्या बापानं पण खिडकी केली का रे. तवा मी सातवीत होतो." मग तो शेडकडं जायला वळला आणि म्हणाला, "तुला शिकवण मिळाली, मला काम मिळालं."

अण्णा, हॉस्टेलला सोडायला तुम्ही आला होतात. निळी पत्र्याची पेटी नवी घेतली होती. नांदेडच्या स्टँडवर पेटी खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "मार्कावर मिळालं तुला. कुणाचं देणं न्हाई." मी ते वाक्य आयुष्यभर जवळ ठेवलं. तुम्ही मला खोटं सांगितलंत याचा राग जास्त आहे, की मी ज्यांच्या चिठ्ठ्या परत केल्या त्या सगळ्या बापांचा चेहरा आता तुमच्यासारखा दिसतो याचा, मला ठरवता येत नाही. भावानं मला फसवलं असं मी गाडी मागं घेताना मनात म्हणत होते. पण त्यानं तुमचंच चालवलंय. त्यानं पाहिलेलं तुमचं, मी पाहिलेलं नाही. एका घरात तुम्ही दोन गिरण्या चालवल्यात आणि मला एकच दाखवलीत. ती मावशी अजून आहे का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं.

परवा भावाचा फोन आला. "अक्का, रुसली काय? मेंबरशिप घे की. भावाचीच मशीन हाय, मग तुला कुणी उठवणार न्हाई." मी बघते म्हणाले. त्याच्याशी मला फोनवर भांडता येत नाही, आणि तुमच्याशी भांडायची सोय नाही. हे पत्र वहीत लिहिलंय, तिथंच राहील.

एक गोष्ट भावाला सांगितलेली नाही. तो बोलून शेडकडं गेला आणि मी मशीनमागं एकटी उभी राहिले, तेव्हा मला पहिल्यांदा राग आला नव्हता, रडूही नाही. ते नंतर, वाटेत लोहा गाव मागं टाकल्यावर आलं. पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं झालं. बरं झालं तुम्ही डबे सरकवलेत.