पिठावरचं पाऊल

आई, चाळणीतून पीठ पातळ कसं पाडायचं ते तू शिकवलंस. त्याचं मी काय करतोय ते तुला कळलं असतं तर लाटणं फेकून मारलं असतंस. मी भुतं शोधतो. मी आणि माझा एक दोस्त. त्याच्याकडे ऑनलाइन मागवलेलं मीटर आहे, विजेच्या तारेजवळ नेलं की कोकलतं. माझ्याकडे आवाज टिपणारं यंत्र. कुठं आवई उठली की घरमालकाला विचारून आम्ही जातो, दिवसाउजेडी वायरी, पत्रे, खिडक्यांच्या फटी बघतो आणि खोली बंद करण्याआधी जमिनीवर पीठ चाळतो. कुणी सोंग करत असेल तर पाऊल सापडतं. दोस्ताला वाटतं ही युक्ती मी इंटरनेटवर बघितली. मी तसंच वाटू दिलंय.

आबा गेले तेव्हाची सकाळ मला अजून दिसते. त्यांच्या जागेवर दिवा, भोवती तू चाळलेलं पीठ, वर पालथं टोपलं. त्यात ज्याचं पाऊल उमटेल त्याच्या जन्माला माणूस गेलं, असं सगळ्या म्हणतायत. टोपलं उचललं तशी आत्या रडत म्हणाली, "चिमणी झाला गं माझा बा!" मी पुढं घुसून ओरडलो, "उंदीर हाय त्यो!" तू मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलंस. पाठीत धपाटा घातलास आणि हळूच म्हणालीस, "उंदीरच हाय. मला दिसत न्हाई व्हय? पन तुला कुणी इचारलं व्हतं?"

मागच्या महिन्यात असंच वाक्य दुसरीकडून ऐकलं. कॉलेजात एक मुलगी आहे. आहे म्हणजे, ती कॉलेजात आहे. मी आता नाही. तिची आई गेल्या साली उसाच्या फडावरच गेली. तिकडंच सगळं उरकलं, घरी ना दिवा लागला ना पीठ पडलं. यंदा बाप पुन्हा ऊसतोडीला गेला, ही वसतिगृहात, आणि घाटनांदूरकडच्या त्यांच्या बंद घरात भांडी वाजतात अशी बोंब उठली. वर्गात एकानं विचारलं, "काय, मम्मी सैपाक करती का?" मी त्याला बाकावरच आडवा केला, वर प्राचार्यांशी भांडलो आणि दप्तर उचलून निघालो. वाटलं, ती निदान बघेल तरी. ती फाटकापाशी आली आणि म्हणाली, "तुला कुणी सांगितलं व्हतं?"

पण आठवड्यानं किल्ली घेऊन तीच आली. बाप म्हणत होता, तोडीवरून आलो की घर विकून टाकू, भुताच्या घरात पोरीला ठेवायची नाही. तिला ते घर हवं होतं. "काय हाय ते बघून ये. पन माझ्या आईला हाका मारू नको." आम्ही खोलीत मोठ्यानं विचारतो ना, कोण आहे, खूण दे, म्हणून. मी म्हणालो, न्हाई मारणार.

दुपारी पीठ चाळलं, कुलूप लावलं. सकाळी उघडलं तर चुलीपासून माळ्याच्या शिडीपर्यंत मांजराची पावलं, आणि माळ्यावर, पालथ्या घातलेल्या भांड्यांमागं, डोळे न उघडलेली तीन पिल्लं. दोस्त लगेच म्हणाला, "मांजर दाखवायचंच न्हाई बे! नुसता भांड्याचा आवाज चॅनलवर टाकू. लाखभर बघतील."

"कुनाची आई हाय ती, कळतंय का?"

"तुझी सासू हाय का?"

आई, मी त्याच्या कानाखाली दिली. मग त्याच्याकडून सगळं पुसून घेतलं. दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी चहाला आला.

तिला फोन केला तेव्हा ओठावर होतं, भूत-बित काही न्हाई, मांजर हाय. पण तिनं विचारलं, "पिठावर पाऊल हाय?" म्हणालो, हाय. "कशाचं?" मांजराचं, माळ्यावर तीन पिल्लं हायत. ती रडत हसली. "फडावर बी एक मांजर पाळली व्हती तिनं. निम्मी भाकर तिलाच घालायची. बापाला सांगते, घर विकायचं न्हाई. आन पिल्लं हाकलू नको रे." पुढचं काही तिनं मला विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. तुझा धपाटा कामी आला बघ.

मग फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तुझ्या आईचं काय उमटलं व्हतं?"

तुझं पीठ मीच चाळलं होतं. तू शिकवलं तसंच, पातळ. पण सकाळी टोपलं उचलायच्या आधी मी घरातून पळालो आणि स्टँडवर एका थांबलेल्या एसटीत बसून राहिलो. नंतर कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. काय उमटलं ते मावशीनं बघितलंय. आज हा अर्धा लिहिलेला कागद खिशात घालून तेच विचारायला तिच्याकडं गेलो. ती भाकरी थापत होती, परातीत पीठ पसरलेलं.

"काय रे? असा का हुबा?"

"काय न्हाई," म्हणालो. "भाकर दे."