खाट नंबर सात

३ मार्च
ती. ताईस,
सा. न.

मी तिसऱ्या टोपणनावाने लिहिलेल्या रहस्यकादंबरीवर प्रकाशकांकडे एका बाईचं पत्र आलंय. तुझ्या वॉर्डात सोबतिणीच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं, पेशंट दगावली आणि डॉक्टरांनी केसपेपरचं पान बदललं, हे तू मला विश्वासाने सांगितलं होतंस. मी त्याचंच कथानक केलं. बाई विचारतात, माझी आई अशीच गेली, पण खाटेचा सात नंबर तुम्हाला कसा कळला? तो बदलायचा मी विसरलो. सगळं काल्पनिक आहे, असं कळवू का?

रागावलीस तरी तुझाच,
भाऊ

७ मार्च
चि. भाऊस,
अ. आ.

तुझी दोन नावं मला ठाऊक होती. हे तिसरं का लपवलंस, ते आता कळलं. कपडे बदलायच्या खोलीत बसून पुस्तक वाचलं. तू त्या नर्सला वेंधळी केलंस. वेंधळी नव्हती ती, सलग दुसरी पाळी करत होती. सोबतीण म्हणून सांगितलं, पण ती मीच रे. डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात, त्याचीच धास्ती वाटते. बाईंना काही कळवू नकोस.

वेळेवर जेवत जा. राग आहे तो आहेच.
ताई

१० मार्च
ती. ताईस,
सा. न.

इतके खून रंगवले, पण घाबरलो आज. बाई प्रकाशकांच्या ऑफिसात ठाण मांडून बसल्या, तेव्हा कारकुनाने माझं खरं आडनाव सांगून टाकलं. तुझ्या छातीवरच्या नावाच्या पाटीवर तेच आहे. रजा टाक आणि इकडे निघून ये. मी रचलं म्हणेन. माझा धंदाच तो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
भाऊ

१५ मार्च
चि. भाऊस,
अ. आ.

बाई काल आल्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, कादंबऱ्या वाचून माणसांची डोकी फिरतात. त्या निघाल्या. मला राहवेना. जिन्यात गाठून सांगितलं, की चुकीची बाटली मी उचलली होती. पान कोणी बदललं, तेही सांगितलं. त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, आई एकटी होती का. म्हटलं, नाही, तिचा हात माझ्या हातात होता. त्यांनी लेखी मागितलं, मी दिलं.

मला कामावरून थांबवलंय. गुरुवारी चौकशी आहे, तुलाही बोलावतील. मी लिहिलंय तेवढंच सांग. माझ्यासाठी एक शब्दही रंगवू नकोस.

माया होती तेवढीच आहे.
ताई