व्हिएन्नातला मुक्काम कोणाकडे?

सिपरी बाजार, झाशी
संक्रांतीनंतरचा गुरुवार

तीर्थरूप वन्संच्या पायी,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. समोर असतात तर विचार केला असता.) तुमची प्रकृती उत्तम असेलच. तुमच्याकडे हवा, पाणी आणि दूध सगळंच शुद्ध असतं, हे तुम्ही आमच्याकडचं दूध मोरीत ओतताना दर खेपेला सांगत होतात. विद्याधररावांची झोप कशी आहे? ती फार नाजूक आहे हे मला गेल्या आठवड्यात तुमच्याच तोंडून कळलं. आमच्या बैठकीत कूलरसमोर ते घोरायचे आणि शेजारचे सक्सेना भिंत ठोकायचे, तेव्हा ही कल्पना आली नव्हती.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आमचा फोन बैठकीत आहे, त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुमचे बंधू आहेत, आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना ऐकूही जास्त येऊ लागलं आहे. तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. शारदेला लोणच्याची कृती कळवते आहे असं त्यांना सांगितलं आहे. ते अगदीच खोटं नाही. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला शिकवलं होतं की रागात पत्र लिहू नये, मधे एक रात्र जाऊ द्यावी. मी पूर्ण आठवडा जाऊ दिला. राग गेला नाही, मुरला.

जी बातमी सगळ्या झाशीला ठाऊक आहे ती तुम्हालाही पुन्हा सांगते. आमच्या शारदेनं वडिलांच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून आम्हा दोघांना युरोपातल्या नदीवरच्या बोटीची सफर दिली आहे. मे महिन्यात न्यूरेंबर्गला बसायचं आणि डॅन्यूबवरून हळूहळू येत आठवड्यानं व्हिएन्नाला उतरायचं. खोलीला खिडकी आहे, खायला दिवसभर मिळतं, आणि सकाळी कोणाच्या आधी उठायची सक्ती नाही. (अशी जागा असते हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर तुमची माझी ओळख झाली नसती.) प्रश्न एवढाच उरला होता, की व्हिएन्नाला उतरून थेट विमान गाठायचं, की तीन रात्री शहरात मुक्काम करायचा. कंपनी त्याला ‘सिटी स्टे’ म्हणते. वेगळं हॉटेल देते, राजवाडे दाखवते, आणि ठरलं का, ठरलं का, असं विचारत राहते. आता आमच्या घरात ठरवायची सवय कोणाला आहे? तुमच्या मातोश्री होत्या तोवर पडद्याचं कापडसुद्धा आम्ही ठरवलं नाही.

तुमचे बंधू मला घेऊन सदर बाजारात दुबेजींकडे गेले. दुबेजी म्हणजे त्या कंपनीचे इथले एजंट. तुम्ही जाणताच, तुमच्या मधूचं आयुष्य झाशी स्टेशनच्या रिझर्व्हेशन ऑफिसात गेलं आहे. जगातला कुठलाही प्रवास मुळात रेल्वेचाच, फक्त काही ठिकाणी रूळ टाकायचे राहून गेले, असं त्यांचं मत आहे. त्यांनी दुबेजींना काही विचारलं नाही. सांगितलंच, की हॉटेलची भानगड नको. लांबचं तिकीट आहे, तेव्हा व्हिएन्नाला ब्रेक जर्नी हक्कानं मिळते. पाचशे किलोमीटरच्या वर तिकीट असलं की वाटेत उतरून दोन दिवस राहता येतं. फक्त शिक्का कुठे मारून घ्यायचा तेवढं सांगा, धक्क्यावर की बोटीच्या गार्डकडे. दुबेजी सज्जन माणूस. त्यांनी आधी चहा मागवला.

“बाबूजी, जहाज़ में ब्रेक जर्नी नहीं होती.”

“टिकट है न? टिकट है तो नियम भी होगा. देख लीजिए.”

दुबेजींनी बिचाऱ्यांनी खरंच माहितीपत्रक चाळलं. त्यात राजवाडा होता, केक होता, व्हायोलिन वाजवणारा एक जाड माणूस होता, पण नियम नव्हता. मग त्यांनी दुसरी बाजू धरली, की बोट व्हिएन्नालाच संपते, मग वाटेत उतरणं कसलं? त्यावर हे म्हणाले, संपते कशी? आम्ही काय तिथे कायमचे राहणार आहोत? आमचा प्रवास झाशी ते झाशी आहे. (यात चूक कुठे आहे, ते मी अजून शोधते आहे. कॉन्व्हेंटमध्ये लॉजिकचा तास नव्हता.) शेवटी दुबेजींनी हात जोडून विचारलं, बाबूजी, ब्रेक जर्नी मिली मान लेते हैं, मगर रात को रहेंगे कहाँ?

तुमचे बंधू खुर्चीत मागे टेकले. हा प्रश्न कोणी तरी विचारावा म्हणून ते सकाळी दाढी करून निघाले होते. म्हणाले, “हमारी सगी बहन रहती है वहाँ. वो हमें होटल में रहने देगी?”

दुकानात जे बसले होते त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. झाशीत या प्रश्नाचं दुसरं उत्तर नाही. मीही मान डोलावली. तुमचा फोन त्यानंतर आला.

त्या दिवसापासून घरात मुक्कामाची तयारी सुरू झाली. अक्काला तिळाची गजक आवडते, म्हणून गजक घेऊन झाली. ती मेपर्यंत टिकणार नाही असं मी म्हटलं, तर ती आपण खाऊ, ही फक्त चव बघायला, असं उत्तर आलं आणि आणखी एक डबा आला. तुमच्या घरात घालायला नव्या सपाता आल्या. तिकडे जोडे दाराबाहेर काढतात असं त्यांनी कुठेसं वाचलं आहे. त्या सपाता ते आत्तापासून घालून बघतात, कारण नव्या सपाता आवाज करतात आणि विद्याधररावांना त्रास नको. (त्या झोपेची बातमी त्यांना मी दिलेली नाही. ती त्यांनी आपल्या मनानंच ओळखली आहे.) सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत सांगून झालं. सक्सेनाबाई मला म्हणाल्या, नदी ही देखनी है तो ओरछा में बेतवा है बहनजी, इतनी दूर काहे जाना. तेव्हा तुमचे बंधू आतून ओरडले, की नदी तर निमित्त आहे.

आता तुमच्या फोनकडे येते. ते दाढेचं दाखवायला गेले होते, म्हणून मी घेतला. तुम्ही फार गोड बोललात. आमचं घर लहान आहे, जिना आहे, ह्यांना रात्री जरा खुट्ट झालं तरी जाग येते, आणि तुम्हालाही मोकळं वाटायला हवं ना, असं म्हणालात. तुमच्या घराजवळ ट्रामच्या थांब्यापाशी एक चांगलं हॉटेल आहे, न्याहारी उत्तम असते, आणि एका दुपारी आपण सगळे बाहेर कॉफी घेऊ. मी म्हटलं, बरं. एवढा सुरेख शिष्टाचार मी नन्सच्याही तोंडी ऐकला नव्हता. नवी नवरी होते तेव्हा तुम्ही मला मडमीण म्हणायचात. इंग्रजी शाळेतली मुलगी, हिला माणसांची काय सवय, हिच्या दारात कोण उभं राहणार, असं तुम्ही पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला होतात. तुमच्या शब्दाला खोटं पाडायचं म्हणून मी जन्मभर दार उघडं ठेवलं. आता कॉफीहाउसात भेटायचं आमंत्रण तुम्ही मला देता आहात. मडमीण कोण, हे आपण बसून ठरवू.

उघड्या दाराचं म्हणाल, तर झाशी जंक्शन आहे हे माझं दुर्दैव. पुण्याचे दिल्लीला निघाले की झाशीला उतरणार, दिल्लीचे पुण्याला निघाले की झाशीला उतरणार, आणि जे उतरणार नाहीत ते पत्रानं डब्याचा नंबर कळवणार, म्हणजे मी पोळीभाजी घेऊन फलाटावर उभी. यात मी तुम्हाला धरत नाही. तुम्ही पाहुण्या नव्हतात, तुम्ही लेक होतात. मुलं घेऊन तुम्ही उन्हाळ्यात दोन-दोन महिने राहत होतात. तुमच्या खोलीला कूलर, आम्ही व्हरांड्यात. तुमच्या मार्तंडाला आमचा संडास बघून रडू आलं, तेव्हा तुमच्या बंधूंनी ऑफिसातून रजा काढून कमोड बसवून घेतला. सिपरी बाजारातला तो पहिला कमोड असावा. लोक बघायला येत होते. तुम्ही आणलेली चॉकलेटं झाशीच्या उन्हात पातळ होत आणि मी ती चमच्यानं वाटत असे. तुम्ही म्हणायचात, काय हे, तुमच्याकडे फ्रीज कधी येणार? आला, वन्सं. तुमचं येणं थांबल्यावर आला.

कारण सासूबाई गेल्या आणि तुम्ही यायच्या थांबलात. मी ही गोष्ट बरेच दिवस नीट समजून घेतली नव्हती. मला वाटत होतं, तुम्ही आमच्याकडे येता. तुम्ही तुमच्या आईकडे येत होतात, आणि त्या घरात आम्ही नुसते कामाला होतो. मला हे कळून फार दिवस झाले. त्यांना अजून कळलेलं नाही. एवढंच काय ते अवघड आहे.

तुमच्या फोनबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. कोणाचा होता विचारलं, तर म्हटलं, राँग नंबर. तेव्हापासून ते तुमच्या फोनची वाट बघताहेत. मुख्य म्हणजे तुमच्या वतीनं रोज उत्तरं देताहेत. सोमवारी म्हणाले, अक्का घराला रंग देत असेल, म्हणून बोलली नाही. मंगळवारी म्हणाले, विद्याधररावांचं काही दुखत असेल, आपण काळजी करू नये म्हणून कळवत नाही. काल सपाता पुसताना म्हणाले, “अगं, आपल्या माणसांना कोणी बोलावणं धाडतं का? ती धरूनच चालली असणार.” मी वरणात मीठ दुसऱ्यांदा घातलं. कारण ते म्हणतात तेच खरं आहे. या घरात आजवर कोणाला बोलावणं गेलं नाही. सगळे धरूनच चालले.

असो. बायकांनी फार लांबवू नये. निर्णय झाला आहे. काल मी सक्सेनांकडच्या फोनवरून शारदेला सांगितलं आणि व्हिएन्नाचा तीन रात्रींचा मुक्काम पक्का करून टाकला, कंपनीच्या हॉटेलात. ट्रामजवळचं आहे की नाही ठाऊक नाही, न्याहारी उत्तम असेल. हा मुक्कामच सोडून द्यावा आणि आल्यापावली परतावं, असंही माझ्या मनात आलं होतं. पण पंचाहत्तर वर्षांचा माणूस परदेशी जाऊन बहिणीच्या गावाला नुसता हात लावून परत आला, तर त्याचंही तो एक कारण शोधून काढेल. आणि ते कारण आणखी एक वर्ष ऐकायची माझी ताकद नाही. तेव्हा तुम्ही निश्चिंत असा. तुमचा जिना, तुमची पांघरुणं, विद्याधररावांची रात्र, सगळं सुरक्षित आहे. आम्हाला कशाचीही अपेक्षा नाही, आणि या पत्रात मी तुमच्याकडे काहीही मागितलेलं नाही, हे पुन्हा एकदा वाचून खात्री करून घ्यावी.

मार्तंडाला व सूनबाईंना आशीर्वाद. विद्याधररावांना नमस्कार, ते जागे असतील तेव्हा.

तुमचीच भावजय,
अनुसूया

ता. क. मागायचं एक राहिलं. हे पत्र पोचल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, आमची जेवणं झाल्यावर, फोन करा. मी आता दर रविवारी त्या वेळी मुद्दाम अंगणात कपडे वाळत घालत असेन, म्हणजे तेच उचलतील. त्यांना सांगा, मधू, आमच्याकडेच उतरायचं, हॉटेलबिटेल काही चालणार नाही. रागावून सांगा, तुमच्या आई रागवायच्या तशा. घाबरू नका, ते येणार नाहीत. हॉटेल पॅकेजमध्येच येतं आणि रद्द होत नाही, हे त्यांना या शनिवारीच कळेल, माझ्याकडून. नियमापुढे ते कधी गेले नाहीत. ते तुम्हाला म्हणतील, अगं अक्का, नाइलाज आहे, नियमात बसत नाही. आणि फोन ठेवून सक्सेनांना सांगायला जातील, की बहिणीनं खूप आग्रह केला, पण मीच नाही म्हटलं. मला तेवढंच हवं आहे. बोलावणं खोटं असलं तरी चालेल. आवाज खरा काढा.

दुसरी ता. क. पाकीट डकवलं होतं, ते वाफेवर पुन्हा उघडलं आहे, म्हणून कडा सुरकुतलेल्या दिसतील. शारदेनं नीट विचारून सांगितलं, की हॉटेल एप्रिलपर्यंत रद्द करता येतं. हे मी त्यांना सांगणार नाही, फक्त तुम्हाला सांगते. बोलता बोलता तुम्हाला, चुकून, खरोखरच आम्ही यावं असं वाटलं, तर दोनदा म्हणा. पहिल्या खेपेला नाही म्हणायची आमच्यात रीत आहे.