चावा घेतलेला नान

२५ जून

आज चिल्ला बसला. चाळीस दिवसांची भट्टी! सकाळच्या चहालाच अंगणातली माती पायाला चटके द्यायला लागली. काबरी कोंबडी तुतीच्या झाडाखाली पंख फाकवून, चोच उघडी टाकून पडली होती. डोळे मिटलेले. म्हटलं, गेली. जवळ गेले तर एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं बयेने. ‘आहेस होय! मग तसं सांगायचं ना!’ उचलून तिचे पाय पाण्यात धरले. नुसते पाय. वरून पाणी ओतलं की दगावतात, हे साओदतला दर उन्हाळ्यात नव्याने सांगावं लागतं. सून गुणाची, पण कोंबड्यांच्या बाबतीत अगदीच ढ.

दाणे आता पहाटे आणि ऊन उतरल्यावरच. मधल्या वेळात खरबुजाच्या साली आणि पातळ ताक. रिकाम्या पोटी ऊन सोसतं, भरल्या पोटी नाही. माणसाचंही तसंच.

रशियातून माझ्या फर्मोनचा फोन नाही.

२७ जून

आतल्या खोलीत गेले आणि रोजच्यासारखं खिळ्यावर टांगलेल्या नानाला विचारलं, ‘जेवलास का रे?’ साओदत दारात उभी होती, हसली. हसू दे. तिच्या माहेरीही असाच टांगतात, तिला काय नवीन आहे!

शरदात पोरगं रशियाला निघालं तेव्हा उंबऱ्यात उभं राहून त्याने तंदूरातून काढलेल्या गरम नानाचा घास तोडला. पद्धतच आहे, हाताने नाही, दातांनीच तोडायचा. केवढा मोठा चावा! ‘अरे, उरू दे काहीतरी,’ म्हटलं मी. तर आपल्या आईलाच म्हणतो, ‘ओयी, जेवढा मोठा चावा तेवढा लवकर येईन. उरलेला संपवायला कमी वेळ लागेल.’ सगळ्यांना हसवलं आणि गेला. समोरच्या दातांतल्या फटीमुळे चाव्याच्या मधोमध एक बारीक जीभ राहिली आहे नानाला. कपडा बांधून खिळ्याला टांगला. परत आला की तोच नान खायचा, तोवर कुणी हात लावायचा नाही. त्याच्या बापाचा असाच टांगला होता सासूबाईंनी, फौजेत गेले तेव्हा. दोन वर्षांनी आले आणि चहात बुडवून बुडवून खाल्ला, दाढ हलली तरी खाल्ला! नान राहिला की माणूस येतो.

ह्या कोंबड्याही त्याच्याच. जायच्या आधीच्या बाजारातून टोपीत घालून पिल्लं आणली. ‘मी येईन तेव्हा ह्या अंड्यावर असतील. मग रोज सकाळी मला तळून घाला.’ म्हणून जपते. नाहीतर ह्या उन्हात कोण ही ब्याद पाळतं!

३० जून

शेजारच्या जैनब ओपाकडे गेले. तिचा तोहिर आणि माझा फर्मोन एकाच बांधकामावर होते. तिला विचारलं, तोहिर काही बोलला का? म्हणाली, ‘अगं, तुझा दुसऱ्या कामावर गेलाय ना, लांब उत्तरेला. तिथे फोन लागत नाही म्हणे.’ हे मागच्या महिन्यातही सांगितलं होतं. तेव्हा सांगून वर खवचटपणे म्हणाली होती, ‘एखादी गोरी भेटली असेल!’ आज थट्टा नाही. चहा ओतला तो कपाबाहेर.

आठ मार्चला, बायकांच्या सणाला, फोन आला होता. साओदतशी बोलला, माझ्याशी बोलला, शेवटी कोंबड्यांना फोन ऐकवायला लावला मला! कपाळ माझं. त्यानंतर नाही.

४ जुलै

अंडी बंद. जी एक सापडली ती कागदासारखी, हातातच फुटली.

८ जुलै

गर्मसेल सुटलाय. रेतीवरून येतो तो नुसता वारा नाही, तंदूराचं तोंड उघडल्यासारखं वाटतं. पाट कोरडा. वेताच्या चटया भिजवून खुराड्यावर टाकल्या, घटकाभरात खडखडीत! पांढरी दुपारी गेली. हाताशी असून काही करता आलं नाही. पाय पाण्यात धरले होते, तरी मान टाकली. पोरासारखं रडू आलं मला. एका कोंबडीसाठी! साओदत म्हणाली, ‘ओयी, तुम्ही कोंबडीसाठी नाही रडत आहात.’

गप्प बस म्हटलं तिला. जास्तच शहाणी!

१० जुलै

डोक्यावर तुरा असलेली टोपीवालीही गेली. आता चार कोंबड्या आणि कोंबडा. फर्मोन आला आणि त्याला रिकामं खुराडं दाखवलं तर? नाही. एकही जाऊ द्यायची नाही आता.

१२ जुलै

लिहवत नाही. पण कुणाला सांगू!

सकाळपासून वीज नाही. वारा तसाच. तांबडीने पाय ताणले, मला धडकीच भरली. घरात सगळ्यात गार म्हणजे आतली खोली — जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही. साओदत म्हणत होती, ‘आत नको ओयी, घाण करतील. चटयाच परत भिजवते.’ मी ऐकते होय कुणाचं! सगळ्यांना उचलून आत नेलं. भिंतीशी पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. दार ओढून घेतलं आणि ओसरीवर जरा आडवी झाले. डोळा लागला.

उठून दार उघडलं. कोंबड्या मजेत! चोची मिटलेल्या, पिसं जागेवर. मी म्हटलं, वाचल्या बाई! आणि मग खिळा दिसला. नुसता खिळा.

रजयांच्या थप्पीवर चढल्या असतील. तिथून उडी. कपडा जमिनीवर. वाळका नान एरवी चोचीला दाद देत नाही, दगड असतो. पण पडला तो पाण्यात! भांडं मीच ठेवलं होतं बरोबर खाली. मऊ झाला. खाल्ला सगळा. तांबडीच्या चोचीला अजून ओला चुरा होता.

भांड्याच्या तळाशी चिमूटभर लगदा राहिला होता. तो डोळ्यांना लावला. सुकवून रुमालाच्या गाठीत बांधला आहे. साओदत शेजारी पाणी आणायला गेली होती. तिला कळलं नाही.

माझ्या पोराची वाट मीच बंद केली. ह्या हातांनी.

१३ जुलै

तांबडी कापली.

तिनेच सगळ्यात जास्त खाल्ला असणार. ती हातात आली तेव्हा फडफडली नाही, पळाली नाही, माझ्याच काखेत डोकं खुपसलं. फर्मोनची लाडकी. तरी कापली. साओदतला सांगितलं, उन्हाने मरायलाच टेकली होती. रस्सा केला तिने, मी तोंड लावलं नाही. पोटात शिरलेला नान असा बाहेर निघतो का! वेडी झाले आहे मी.

१५ जुलै

साओदत माहेरी गेली दिवसभर. तंदूर पेटवला, ह्या उन्हात! एक नान लावला. ऊनऊनच दातांनी तोडला. चावा लहान पडला. माझे समोरचे चार दात सोन्याचे, खाली दोन नाहीत. दुसऱ्यांदा तोडला, मोठा. मग फटीची जीभ राहावी म्हणून सुरीने कोरत बसले. म्हातारी बाई आणि काय हे धंदे! धुरावर धरून वाळवला, जुन्या कपड्यात बांधून टांगला.

‘जेवलास का रे’ तोंडातून निघालं नाही.

१६ जुलै

सून आतल्या खोलीत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मग बाहेर येऊन कोंबड्यांचं पाणी बदलायला गेली — स्वतःहून!

२० जुलै

आज फुटलं सगळं.

जेवताना म्हणाली, ‘ओयी, त्यांचा चावा ह्याहून मोठा होता.’ मी म्हटलं, कुणाचा, कसला? म्हणाली, ‘मी रोज कपडा सोडून बघत होते. तुम्हाला वाटतं तुम्ही एकट्याच बोलत होता त्याच्याशी?’

मग मी सांगितलं. सगळं. भांडं, थप्पी, तांबडी. वाटलं, आता ही उठेल, बोचकं बांधेल आणि जाईल. जावं तिने. तिशी नाही आली अजून. तिच्या आईने तर फोन बंद झाले तेव्हाच सांगून पाठवलं होतं, पोरीला किती दिवस वाट बघायला लावणार म्हणून. मीच म्हटलं होतं, नान आहे तोवर थांब गं.

ती उठली. तव्यासारख्या तापल्या अंगणात जाऊन उभी राहिली. परत आली. म्हणाली, ‘नान कोंबड्यांनी खाल्लाय. खुदाने नाही खाल्लेला.’ आणि माझ्या ताटातली बोटं धरून रडली. मीही रडले. दोघींनी मिळून तो खोटा नान उतरवला. फेकायचा तर नाहीच, नान तो नानच. चहात बुडवून खाल्ला दोघींनी. कडू लागला.

२१ जुलै

मन खातंय. साओदत काहीही म्हणो. नान मोडला आणि त्याच क्षणी तिथे पोराला काही झालं असेल तर? बारा तारखेला, दुपारी? मी ओसरीवर घोरत होते.

२६ जुलै

जैनब ओपा शुरबा घेऊन आली. एवढ्या उन्हात मटणाचा रस्सा, मला! म्हटलं, ‘काय गं, मी काय बाळंतीण आहे?’ हसली नाही. कोंबड्यांकडे बघत बसली. म्हणाली, ‘छान जपल्यास.’ जाता जाता मला मिठी मारली. पस्तीस वर्षांचा शेजार, भिंतीवरून भांडलो, तिचा कोंबडा माझ्या कोंबड्यांत येतो म्हणून मी दगड मारलेत, पण मिठी कधी मारली नव्हती हिने.

तोहिर येतोय म्हणे ऑगस्टात. मग कळेलच सगळं.

३० जुलै

फोन नाही.

५ ऑगस्ट

चिल्ला उठला! पहाटे वारा जरा वेगळा लागला गालाला. काबरीने अंडं घातलं, टणक, तपकिरी, अगदी जड! ओरडून ओरडून गाव गोळा केलं तिने. मीही ओरडले, साओदत, ये बघ! हातात घेऊन दोघी उभ्या. तिने म्हटलं, ‘ठेवू या. ते येतील तर.’ धान्याच्या डब्यात ठेवलं.

किती दिवसांनी पोटभर जेवले. पोरगं नान नसला म्हणून काय घर विसरेल? त्याचा बाप काय नानासाठी आला होता? माझ्या सासूसाठी आला होता, आणि माझ्यासाठी!

७ ऑगस्ट

तोहिर आलाय! काल संध्याकाळी. पोरांनी गल्लीत सांगितलं. अजून इकडे फिरकला नाही, मेला! दमला असेल. उद्या येईल. कोंबडा कापायचं ठरवलं आहे. पाहुण्याला कोंबडी कापत नाही मी, कोंबड्या फर्मोनच्या आहेत. साओदतने केस धुतले.

८ ऑगस्ट

कोंबडा कापला नाही.

तोहिर एकटा आला नाही. मागून इमाम, मागून महल्ल्यातले म्हातारे. दारातूनच दिसले. भर ऊन, आणि सगळ्यांनी लांब झगे घातलेले, कमरेला फडकी बांधलेली. असे झगे मयतालाच घालतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साओदतच्या हातातलं चहाचं भांडं पडलं.

मी म्हटलं, बसा. कुणी बसेना. मी म्हटलं, झगे काढा, उकडतंय. तोहिर म्हणाला, ‘खोला —’, मावशी म्हणतो तो मला, आणि तोंडच फिरवलं त्याने. त्याच्या आईने भिंतीपलीकडे हंबरडा फोडला. तिला ठाऊक होतं.

उंचावरून पडला म्हणाले. तिथेच माती दिली, मुसलमानांच्या जागेत, नमाज झाली, काही कमी केलं नाही, असं इमाम दोनदा म्हणाले. कागद नव्हते म्हणून कुणाला कळवलं नाही. पोरं घाबरली.

मी ओरडले, मी मारला! भांडं मी ठेवलं! कोंबड्या मी आत घेतल्या! कुणाला काही समजेना. तोहिर मान हलवत काहीतरी सांगायला लागला, ‘नाही खोला, तेव्हा तर —’, एका म्हाताऱ्याने त्याचा हात दाबला. आत्ता नको म्हणाला.

१० ऑगस्ट

बायका येतात, जातात. कोंबड्यांना दाणे कुणी टाकले माहीत नाही.

१४ ऑगस्ट

तोहिरला बोलावून विचारलं. कधी? खरं सांग. म्हणाला, मार्चमध्ये. बायकांच्या सणाला फोन केला, त्याच आठवड्यात. बर्फ होता अजून.

म्हणजे नान खिळ्यावर होता. अख्खा होता. त्याला मी रोज संध्याकाळी विचारत होते, जेवलास का रे.

साओदत म्हणते, ‘बघा ओयी, कोंबड्यांचा दोष नाही, तुमचाही नाही. मन हलकं करा.’

कसं करू? माझा दोष असता तर निदान जुलैपर्यंत तरी तो असता.