पोट वर करून पोहणारा मिशीकाका

३ नोव्हेंबर, मंगळवार

टाकीतला मासा काही खात नाही. मीही खात नाही. दोघांची मिजास सारखीच!

ह्यांना दवाखान्यात ठेवून आज चौथा दिवस. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "वेळ लागेल, पण घरी येतील." मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची नर्स होते. हेच वाक्य किती जणांना ऐकवलं असेन! आज स्वतः ऐकलं.

घरी आले तर मिशीकाका टाकीतून बघतोय. बघतोय म्हणजे नेहमीसारखा उलटा — पोट वर, पाठ खाली, लाकडाच्या ओंडक्याखाली. ह्या कॅटफिशची जातच तशी. सहा मिशा हलवत उलटं पोहायचं. आमच्या बाळानं कॉलेजातून येताना पाण्याच्या पिशवीतून आणला तेव्हा मी ओरडले होते, "मेलेला मासा कशाला आणलास?" बाळ हसून हसून लोळला होता. नावही त्यानंच ठेवलं.

बाळ जाऊन सहा वर्षं झाली. स्कूटर घसरली, एवढंच. त्याच्या हातचं, अजून श्वास घेणारं, असं घरात हे एकच उरलंय.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आज जेवला! खाद्याची गोळी टाकली, ती ओंडक्याजवळून खाली जाताना उलटा असतानाच ओढून घेतली. मीही मग दोन घास खाल्ले.

दवाखान्यात जाऊन ह्यांना सांगितलं, "अहो, मिशीकाका जेवला." डाव्या हातानं माझा हात दाबला. सहा दिवसांत पहिल्यांदाच.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर येतात, व्यायाम करून घेणारी मुलगी येते. ह्यांचे डोळे रिकामेच. मिशीकाकाचं नाव काढलं की मात्र भरून येतात. मग मीही तिखटमीठ लावून सांगते. आज सांगितलं, काचेपाशी आला, मला मिशा दाखवून गेला. साफ खोटं! दिवसभर ओंडक्याखालून हललाही नव्हता.

आता मला त्याचीच काळजी लागून राहिली आहे. ह्याला काही झालं तर ह्यांना उद्या काय सांगू?

९ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी घरी सोडणार!! पलंग खालच्या खोलीत आणवला. पडदे धुतले. फरशी दोनदा पुसली. आता टाकी तेवढी राहिली.

खरं म्हणजे ह्यांनी मला टाकीला कधी हात लावू दिला नाही. "तू नुसतं बघ. बाकीचं माझ्याकडे." मी ड्यूटीवर गेले की सगळं उरकायचे. काचेवरचं ते हिरवं बघून माझे हात नुसते शिवशिवायचे. पण नाही म्हणजे नाही!

उद्या बघतेच.

१० नोव्हेंबर, मंगळवार

कंबर मोडली, पण टाकी झाली! मिशीकाकाला बादलीत ठेवलं. गोटे उकळून काढले. ओंडका ब्रशनं घासला. फिल्टरमधला स्पंज तर — शी! काळाकुट्ट, बुळबुळीत. आमच्या थिएटरात असलं काही सापडलं असतं तर मी कोणाची गय केली नसती. उकळत्या पाण्यातून काढला, नळाखाली पिळला, मूळचा निळा रंग दिसेपर्यंत. मग नळाचंच ताजं पाणी भरलं. आता समोर उभं राहिलं की काच आहे असं वाटत नाही.

धावतपळत दवाखान्यात गेले. "अहो, टाकी धुतली, स्पंजसुद्धा उकळून काढला!" ह्यांनी डोळे मोठे केले. डावा हात जोरजोरात हलवायला लागले, घशातून आवाज काढायला लागले. शेजारच्या पेशंटची बायको म्हणाली, "बघा, किती आनंद झालाय!" मलाही तेच वाटलं. गालावरून हात फिरवला आणि निघाले.

११ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बघितलं तेव्हा पोट वर होतं. ओंडक्याखाली. रोजच्यासारखा. मी म्हटलं, "काय काका, आवडलं का नवं घर?" गोळी टाकली आणि दवाखान्यात गेले.

दुपारी आले तर गोळी तळाशी फुगून पडलेली. वाकून बघितलं. मिशा हलत नव्हत्या.

सकाळीही मेलेलाच असणार. मी त्याच्याशी गप्पा मारत होते.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत पुरला. बाळ गेला तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सगळे म्हणाले, नर्स आहे, घट्ट आहे. आज कुंडीपाशी बसून हमसाहमशी रडले. शेजारीण धावत आली, "साहेबांचं काही...?" मी म्हटलं, "नाही हो, मासा गेला." चहा करून देऊन गेली.

मग माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, स्पंज धुतलात का?"

"म्हणजे काय! उकळला."

त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, ती घाण नव्हती. त्या काळ्या थरात जंतू असतात. मासा जे सोडतो ते विष, ते पचवतात हे जंतू. स्पंज टाकीतल्याच जुन्या पाण्यात जरासा पिळायचा. पाणी पाव भागच बदलायचं, तेही दिवसभर बादलीत ठेवलेलं. नळाच्या पाण्यात औषध असतं ना! जंतू मेले की मासा गेलाच."

तीस वर्षं जंतू मारले, माणसं जगावीत म्हणून. आणि ह्यांचा हात! ते मला थांबवत होते. डोळ्यांदेखत थांबवत होते, आणि मी गालावरून हात फिरवून आले.

बाळाचा मासा मी मारला. लिहून ठेवते. कुठेतरी खरं असू दे.

मिशीकाकाचा फोटो पुढे केला. "अगदी असाच हवा. डाव्या कल्ल्यामागे पांढरा ठिपका." त्यानं फोटो धड बघितलाही नाही! मान हलवली आणि सरळ मागच्या टाकीकडे गेला. कामात लक्ष म्हणून नाही ह्या लोकांचं. पण आणला मात्र बरोब्बर, ठिपक्यासकट. स्वतःच्या टाकीतला एक मळका स्पंजही दिला. तो छातीशी धरून घरी आणला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा उलटा पोहतोय. जेवतोय. पण अंगानं बारीक आहे, ह्यांच्या लक्षात येईल. काय सांगू?

आठवलं — मागे मी बहिणीकडे महिनाभर राहून आले, तेव्हाही मिशीकाका मला बारीक वाटला होता. हे म्हणाले होते, "तू नव्हतीस ना, धड जेवला नाही." तेच सांगेन. ह्यांचंच वाक्य ह्यांना.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आले. दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. मानेनंच टाकीकडे खूण केली. खुर्ची तिकडे वळवली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. बघतायत. मिशीकाका — तो नवा — उलटा आला, उलटा गेला. मी पाठ केलेलं म्हणून टाकलं, "तुम्ही नव्हतात ना, धड जेवला नाही. म्हणून बारीक झालाय."

ह्यांनी झटकन माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले. मी चहाच्या निमित्तानं आत पळाले.

१५ नोव्हेंबर, रविवार

त्यांना भरवते आणि नजर चुकवते. एकाच घरात दोन मुके.

१६ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. पायाशी बसून सगळं सांगितलं — गोटे, स्पंज, कुंडी, दुकान. "बाळाचा मासा माझ्या हातून गेला. माफ करा मला."

ह्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. हसतायत की रडतायत, कळेना. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग व्यायामवाल्या मुलीनं दिलेली पाटी मागितली. डाव्या हातानं अर्धं अक्षर काढलं, खडू पडला. मी म्हटलं, राहू दे, उद्या.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज उठल्याबरोबर पाटी मागितली. चहा गार झाला तरी लिहीत होते. मग पाटी माझ्याकडे फिरवली.

"मीही बदलला. दोनदा."