माझ्यामागे हे इंजिन कोणी आणि कसं लावावं

मी, खाली सही करणारा, वय बावीस पूर्ण, काम बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती, शिक्षण अर्धवट, डोकं तापट पण या घडीला ठिकाणावर, कोणाच्याही धाकाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. निमित्त एवढंच, की काल जेवताना बाबा म्हणाले, "त्या डबड्यावर बसून बेटापर्यंत जाणार? मग मृत्युपत्र लिहून जा." बरं. लिहितो.

जाण्याचं कारणही नोंदवतो, म्हणजे मागाहून कोणी काहीबाही चिकटवायला नको. बेटावरच्या दवाखान्यातली नर्स आज दुपारी बाराच्या मोठ्या बोटीने बदलीच्या गावी जाते आहे, कायमची. इथली फेरीबोट चार दिवस बंद आहे. माझं चुकलं, हे मला तिला समोर उभं राहून सांगायचं आहे. फोनवर नाही. फोनवर मागच्या महिन्यात तिने विचारलं होतं, "तू एक तरी गोष्ट शेवटपर्यंत नेली आहेस का रे?" आणि मी फोन आपटला. म्हणजे ते भांडणही अर्धवटच.

कलम १. घर बाबांचं आहे, त्यावर माझा हक्क नाही आणि मी सांगतही नाही. माझ्या वाटणीची खिडकीकडची अर्धी खोली ताईला. कपाटाचं दार जरा उचलून उघडावं, नाहीतर बिजागरी हातात येते. आतली कॉलेजची पुस्तकं आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना परत द्यावीत. "घाईने इंजिन कळत नाही," असं ते चारचौघांत मला म्हणाले, तेव्हा मी उठलो तो परत गेलोच नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं की काय, हे मी जिवंतपणी सांगणार नाही.

कलम २. हत्यारं मी काम करतो त्या शेडच्या मेस्त्रींना. तशी ती त्यांचीच आहेत, मी फक्त वापरून वापरून माझी म्हणू लागलो.

कलम ३. फेरीबोटीच्या चालकाला एक जळका प्लग. हा गृहस्थ धक्क्यावर त्या नर्ससमोर मला म्हणाला होता, "हे इंजिन आहे की खोकल्याचा पेशंट?" तीही हसली. आज त्याचीच बोट गिअर मोडून किनाऱ्यावर पडली आहे, याचा मला आनंद झाला, हेही खरं लिहितो.

लाइफ जॅकेट कोणाच्याही नावे करता येत नाही. आईच्या हट्टाखातर ते अंगावर आहे.

कलम ४. इंजिन ताईला, कारण या घरात हात फक्त तिचा थंड आहे. ताई, नीट वाच. सिलिंडर दोन, म्हणून हवा आणि पेट्रोल मिसळणारे कार्ब्युरेटरही दोन, एक वर, एक खाली. दोघांच्या झडपा एकाच क्षणी उघडल्या पाहिजेत. त्यासाठी आधी दोघांना जोडणाऱ्या पट्टीचा स्क्रू सैल कर, दोन्ही झडपा पूर्ण मिटू दे, आणि तशाच धरून पट्टी आवळ. मग मिश्रणाच्या सुया. हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, तिथून दीड आटा, म्हणजे दीड फेरा, बाहेर. टेकली की थांब. रागाने आवळलीस तर टोकाला खाच पडते. मी पाडली होती, तो फोन आपटल्यावर लगेच. मेस्त्रींनी नवी आणून दिली. मग इंजिन गरम कर आणि एकेक सुई जराजरा आत घे. शिंकलं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तिथून पाव आटा मागे. हे काम इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून करायचं नाही, तिथे त्याला ओढायला काहीच नसतं. मेस्त्री म्हणतात, "पिंपात सगळीच इंजिनं गुणी असतात." बोट धक्क्याला बांधायची, गिअर टाकायचा, बोट ओढ घेऊ लागली की मग सुयांना हात लावायचा.

इथे माझं पेन थांबलं. काल मी हे पिंपातच केलं. आवाज गोड आला, हात पुसले आणि घरी आलो. पट्टी सैल केलीच नव्हती. आत्ता जाऊन पाहिलं. खालची झडप उघडते तेव्हा वरची मिटलेलीच असते. खाडीच्या तोंडाशी, जिथे लाट आडवी येते, तिथे मी वेग वाढवला असता आणि हे शिंकून बंद पडलं असतं.

कलम ५. निघायची वेळ साडेसहाची होती, ती रद्द. आता सव्वासात वाजलेत. कामाला दोन तास, पलीकडे जायला अडीच. म्हणजे हातात पंधरा मिनिटं. एक सुई हट्टाला पेटली तर तीही जातील आणि मला बोटीची पाठ दिसेल. तरी पट्टी सैल करण्यापासूनच सुरुवात करणार. बेटावर तिने काय केलंस म्हणून विचारलं तर कलम चार वाचून दाखवीन. तीन नाही.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, मान्य केलं. अमलात आणायची कोणी घाई करू नये.

ठिकाण: शेडमधलं कामाचं टेबल
दिनांक: चौदा, शनिवार

साक्षीदार १: मेस्त्री. (सही करून नवी सुई जास्तीची म्हणून खिशात घातली. माझ्या.)

साक्षीदार २: बाबा. (दोनदा वाचलं. "अक्षर सुधार," म्हणाले. मग सही केली, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. गिअर टाकल्यावर दोरी कोण धरणार?")