वाढदिवसाचा फोटो
नावन, आयर्लंड, मंगळवार, १८ मे २०२१

काय अक्कल पाजळली मी! ड्यूटीवरच वॉर्डात माझ्या वाढदिवसाचा केक कापला. लेबनॉनची डॉक्टर रीमा आणि इस्रायलचा डॉक्टर योनी, दोघांना ओढून शेजारी उभं केलं. "फोटोपुरते मास्क काढा ना," म्हणून हट्ट धरला. फोटो लगेच फेसबुकवर.

संध्याकाळी फोनवर रीमा किंचाळली, "आत्ताच्या आत्ता काढ तो! इस्रायलींशी संबंध ठेवणं आमच्याकडे गुन्हा आहे. जूनमध्ये आईला भेटायला बैरूतला जायचंय मला!"

काढला. पण तोवर कोणी पाहिला असेल तर?

योनीला सांगितलं, तर म्हणतो, "बरं झालं. मलाही ती शेजारी नकोच होती."

वर्षभर एकाच वॉर्डात कोविडची ड्यूटी काढली दोघांनी. मला वाटलं... जाऊ दे.

मास्क असता तर रीमा ओळखूच आली नसती.